काकूंचा डबा आणि धन्यवादांची रांग

रायपुरात तेलीबांध्याच्या तलावामागे जी तीन मजली पिवळी इमारत आहे, तिच्या वरच्या मजल्यावर पद्मिनी लांजेवार कितीतरी वर्षं भाड्यानं राहिली, आणि तेवढ्या वर्षांत तिच्या घरून एकही डबा रिकामा परत गेला नाही. समोरच्या साहूंकडून तांदळाचा वाफवलेला फरा आला, तर त्यांचा डबा चिवडा घेऊन परतला. पलीकडून गुळाची खुरमी आली, तर बदल्यात शंकरपाळे गेले. करायला वेळ नसला तर नाक्यावरून पेढे आणले. पेढेही नसले तर निदान चिमूटभर साखर. पण रिकामा? छे, नाव काढू नका!

ही शिस्त तिच्या आईची. मीराबाई लांजेवार गोंदियाला राहायच्या, नवरा लवकर गेलेला, घर बेताचं. शेजारणीनं वाटीभर भाजी दिली की वाटी धुऊन पुसून त्या पद्मिनीच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "साखर टाक आधी. रिकामी नको नेऊ. यांच्या घरी काहीच नाही, असं कोणाले वाटू नये." घरात कधी कधी खरंच काही नसायचं, पण साखरेची चिमूट निघायचीच. मीराबाई गेल्या, गोंदियाचं घर सुटलं, पद्मिनी शिकून रायपुरात नोकरीला लागली, तरी डबा धुतला की तिचा हात आपोआप बरणीकडे जायचा.

आणि तळमजल्यावर होत्या सुशीलाकाकू.

सुशीलाकाकू म्हणजे रेल्वेतल्या यशवंतराव मालेवारांच्या पत्नी. यशवंतराव भंडाऱ्याकडचे, नोकरीपायी रायपूरला आले ते इथलेच झाले. ते गेले तेव्हा लोकांनी काकूंना सांगून पाहिलं की गावाकडे जा. "गावाकडं कोण हाय माहं? तलाव तं इथं हाय!" एवढं बोलून काकूंनी विषय संपवला. मूलबाळ नव्हतं. आवाज मात्र असा, की तळमजल्यावरून "पद्मेऽऽ" म्हटलं की गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढणाऱ्या बायकाही थांबायच्या.

काकूंचा एक स्टीलचा डबा होता, झाकणावर यशवंतरावांचं नाव कोरलेला. तो डबा या दोघींच्या मध्ये जिन्यावरून जितका फिरला, तितकी त्या वस्तीतली बससुद्धा फिरली नसेल. काकूंनी पाटोडी पाठवायची. पद्मिनीनं त्यात शिरा घालून परत करायचा. आता काकूही विदर्भाच्याच. भरलेला डबा आला म्हणजे तो पुन्हा भरून जाणार. की लगेच कोथिंबिरीची सांबारवडी वर. की इकडून लाडू खाली. दोघी एकट्या राहणाऱ्या बायका, खाऊन खाऊन किती खातील? पण थांबणार कोण?

एकदा पद्मिनीला ताप आला. काकूंनी मऊ खिचडी केली, गुडघे दुखत असताना जिना चढून वर आणून दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी ही बाई तापातच उठली, कढई चढवली, शंकरपाळे तळले आणि डबा खाली नेऊन दिला. काकूंनी झाकण उघडलं आणि त्यांचा असा पारा चढला की विचारू नका.

"पागल झाली का तू? अंगात ताप हाय अन् शंकरपाळे तळून राहिली?"

"डबा रिकामा कसा देऊ, काकू?"

"दे ना! काहून नाही? एक डाव माहा डबा तसाच धाड. रिकामा. मले पाहू तं दे कसा दिसते!"

पद्मिनी हसली. पण काकू हसल्या नाहीत. त्या झाकण हातात धरून तशाच उभ्या राहिल्या आणि मग हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या मानानं हळू, बोलल्या, "आपल्या माणसाले कोणी असं परत देते का, पोरी? शेजारणीले देतात." पद्मिनीला हे लागलं. पण आईचा शब्द एकीकडे आणि काकूंचा एकीकडे. ती वर आली आणि पुढच्या वेळी डबा पुन्हा भरूनच गेला.

आता तिच्या नोकरीकडे येऊ, कारण खरा घोळ तिथं झाला.

पद्मिनी नव्या रायपुरात एका बियाणं कंपनीच्या कचेरीत सॉफ्टवेअरचं काम करायची. नवी राजधानी म्हणजे रस्ते एवढे रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येऊ नये, आणि बस एवढ्या कमी की ती चुकली तर पुढच्या बसची वाट पाहता पाहता अर्धं पुस्तक वाचून व्हावं. कंपनीची दुकानं छत्तीसगडभर. दुकानदार आपल्या संगणकावर बियाण्याची मागणी भरायचा. ती मागणी दोन ठिकाणी जायला हवी, एक गोदामाला, म्हणजे पोती बाजूला काढून ठेवायला, आणि दुसरी गाडी विभागाला, म्हणजे ट्रक ठरवायला. पण गोदामाचं नेट कधी चालू, कधी बंद. म्हणून मागणी थेट द्यायची नाही. मध्ये एक रांग ठेवायची. कचेरीत तिला सगळे क्यू म्हणत. दुकानानं निरोप क्यूमध्ये टाकायचा आणि आपल्या कामाला लागायचं. गोदाम जागं झालं की त्यानं क्यूमधला पहिला निरोप उचलायचा, मग दुसरा. कोणी कोणाची वाट पाहत बसायचं नाही, आणि निरोप हरवायचाही नाही. निरोप मिळाला की "मिळाला" एवढं उलट कळवायचं, झालं.

ही सगळी व्यवस्था पद्मिनीनं लिहिली होती, आणि छान लिहिली होती. पेरणीच्या आधीचे दिवस, मागण्यांचा सपाटा. शनिवारी संध्याकाळी नवीन क्यू चालू झाला, प्रफुल्लनं चहा पाजला आणि सगळे घरी गेले. प्रफुल्ल गजभिये तिच्या गटाचा प्रमुख, बाप भिलाईच्या कारखान्यात होता, घर मूळ नागपूरकडचं. माणूस गमत्या.

रविवारी पद्मिनीच्या डोक्यात क्यू नव्हताच. तिला कचेरीजवळ, नव्या रायपुरातच, सेक्टरमध्ये एक फ्लॅट मिळाला होता आणि बुधवारी सामान हलवायचं होतं. रोजचा बसचा त्रास संपणार म्हणून ती खूश होती. सकाळपासून तिनं बेसनाचे लाडू वळले, आणि घरात ज्यांचे ज्यांचे डबे, वाट्या, पातेली होती ती सगळी भरून एकेकाच्या दारी पोचवली. शेवटी काकूंचा डबा. तोही भरगच्च.

काकूंनी डबा घेतला, पण झाकण उघडलं नाही.

"सगळ्याइचं देऊन झालं?" त्यांनी विचारलं.

"हो काकू, कोणाचं काही ठेवलं नाही."

"म्हंजे सगळं फेडून चालली," काकू म्हणाल्या. "आता माह्याकडं यायचं तुले काही कारणच नाही राहिलं."

पद्मिनी म्हणाली, असं काय बोलता, नवं रायपूर काय परदेशात आहे का, दर रविवारी येईन. काकू "हव, हव" म्हणत राहिल्या. इथल्या माणसाला पटलेलं नसलं तरी तो "हव" म्हणतो, हे पद्मिनीला चांगलं ठाऊक होतं. तिचा चेहरा उतरला. आई गेल्यावर हिला हक्काचं रागावणारं एकच माणूस उरलं होतं, आणि ते माणूस स्वतःला परकं समजून मागे राहणार, ही गोष्ट तिला त्या क्षणी स्पष्ट दिसली. पण करायचं काय, ते मात्र कळेना.

संध्याकाळी खालून हाक आली. सामान बांधण्याच्या गडबडीत स्वयंपाक कुठं होणार, म्हणून काकूंनी बेसनाचे गोळे घालून गोळाभात केला होता. तोच डबा, लाडू काढून, धुऊन, गोळाभात भरून. हातात देताना काकू एवढंच म्हणाल्या, "बुधवारच्या आधी परत दे. अन् मी काय म्हटलं होतं ते ध्यानात ठेव. नाही जमलं तं राहू दे."

सोमवारी सकाळी पद्मिनी कचेरीत पोचली तर फोनची रांग लागलेली. गोदामावरून भैय्यालाल बोलत होते. भैय्यालाल म्हणजे गोदामाचे मुख्य, शांत गृहस्थ, पण त्या दिवशी त्यांचाही धीर सुटला होता.

"पद्मिनी दीदी, ये का होगे? कालपासून एक पोतं निघालं नाही. पडद्यावर फक्त धन्यवाद, धन्यवाद येऊन राहिलं. मागणी कहां हे?"

पद्मिनीनं क्यू उघडला. लाखांनी निरोप साचले होते. एक उघडला: "निरोप मिळाला, धन्यवाद." दुसरा उघडला: "निरोप मिळाला, धन्यवाद." खाली सरकत गेली, सरकत गेली, धन्यवादच धन्यवाद, आणि त्यांच्या गर्दीत कुठंतरी अडकून पडलेली आरंगच्या नाहीतर धमतरीच्या दुकानदाराची खरी मागणी.

झालं होतं असं. बाईनं दुकानाच्या, गोदामाच्या आणि गाडी विभागाच्या, तिन्ही प्रोग्रॅमना एक सभ्य सवय लावली होती. कोणताही निरोप आला की बाकी दोघांना "मिळाला, धन्यवाद" कळवायचं. कोणताही! दुकानानं मागणी टाकली. गोदामानं आणि गाडी विभागानं धन्यवाद दिले. आता हा धन्यवादही निरोपच ना? मग त्याला उत्तर नको? दिलं. त्या उत्तराला पुन्हा उत्तर. एकाचे दोन, दोनाचे चार. तीन प्रोग्रॅम अख्खा रविवार एकमेकांचे आभार मानत बसले होते, आणि शेतकऱ्याचं बियाणं गोदामात तसंच.

प्रफुल्ल तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. पडदा पाहिला. डोळे चोळले.

"धन्यवादाले धन्यवाद?"

"हो."

"अन् त्या धन्यवादाले बी?"

"हो रे बाबा, हो!"

"काहून पण? मिळाल्याच्या निरोपाले उत्तर कोण देते?"

पद्मिनी आधीच घाबरलेली, त्यात शरमलेली. तिच्या तोंडून जे खरं होतं ते निघून गेलं. "आमच्याकडे डबा रिकामा नाही पाठवत."

प्रफुल्ल असा हसला की बाजूच्या खोलीतली माणसं डोकावली. बिचारा खुर्चीत बसून टेबल बडवत होता. "माही आई!" तो म्हणाला. "माही आई हेच करते! शेजारीण पातेलं घेऊन येते, ही भरून देते, ती पुन्हा घेऊन येते. बाबा म्हणतात, बाईहो, कोणीतरी एकानं कंजूस व्हा!" पद्मिनीला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यात पाणीही आलं, कारण भैय्यालाल फोनवर अजून "हलो, दीदी, हलो" करत होते.

हसून झाल्यावर दोघं कामाला लागली. आधी तिन्ही प्रोग्रॅम बंद केले, म्हणजे आभारांचा पूर थांबला. मग पद्मिनीनं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. क्यूतला एकेक निरोप उचलायचा, धन्यवाद असला तर टाकून द्यायचा, मागणी असली तर नवीन, स्वच्छ क्यूमध्ये ठेवायची. एकही मागणी हरवली नव्हती, क्यूचं हेच तर भलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या मागण्या वेगळ्या झाल्या, त्यांची यादी गोदामाला गेली, आणि भैय्यालालच्या गोदामातून पहिला ट्रक निघाल्याचा फोन आला. शेवटी मूळ दुरुस्ती राहिली. पद्मिनीनं एकच ओळ घातली: पोच आली की ती ठेवून घ्यायची, तिला उत्तर द्यायचं नाही.

ओळ लिहून ती पडद्याकडे पाहत बसली.

"आता काय झालं?" प्रफुल्लनं विचारलं.

"काही नाही. हे किती उद्धट दिसतं रे. कोणी आपल्याला काही दिलं, आणि आपण नुसतं ठेवून घ्यायचं."

"उद्धट काहून?" प्रफुल्ल जेवायला आपला डबा उघडत म्हणाला. "घेतलं म्हणजे पोचलं. देणाऱ्याले आणखी काय पाहिजे?" आणि त्यानं तिच्या डब्यातला काकूंचा गोळाभात न विचारता स्वतःच्या ताटलीत घेतला. बदल्यात काही दिलं नाही, बरं का. पद्मिनीलाही त्याचं काही वाटलं नाही, उलट तिनं आणखी एक गोळा पुढे सरकवला.

संध्याकाळी ती घरी आली. यशवंतरावांच्या नावाचा डबा धुऊन ओट्यावर पालथा घातला. पुसला. खोक्यांमध्ये बरणी शोधली, साखर काढली, चिमूट भरली. आणि हात तसाच राहिला.

आईची साखर कशासाठी होती? आपल्या घरी काही नाही, हे कोणाला दिसू नये म्हणून. पण सुशीलाकाकूंना काय दिसायचं राहिलं होतं? त्यांनी हिला तापात पाहिलं होतं, नोकरी जाता जाता राहिली तेव्हा रडताना पाहिलं होतं, महिनाअखेरीला नुसत्या खिचडीवर दिवस काढताना पाहिलं होतं. त्यांच्यापासून झाकायचं असं हिच्याकडे काही उरलंच नव्हतं. तिनं चिमूट बरणीत परत टाकली. आईची मनात माफी मागितली, आणि आई रागावणार नाही असं तिला का कोण जाणे अगदी खात्रीनं वाटलं.

रिकामा डबा घेऊन ती जिना उतरली. काकूंनी दार उघडलं. डबा हातात घेतला. वजन लागलं नाही तशी त्यांनी पद्मिनीकडे पाहिलं, मग झाकण काढलं. आत पाहिलं. डबा उलटा करून बुडाला एक थाप मारली. काही पडलं नाही.

"काकू, चुकलं का माझं?" पद्मिनीनं विचारलं.

काकू दारातून जिन्यात आल्या आणि त्यांचा तो प्रसिद्ध आवाज इमारतभर घुमला. "अगं पायलऽऽ! ये इकडं लवकर, पाह्य!"

समोरच्या साहूंची सून पायल ओल्या हातांनी धावत आली. तिला वाटलं काकूंना काही झालं. काकूंनी डबा तिच्या नाकाखाली धरला. पायलनं वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"आंटी, इसमें तो कुछ भी नहीं है."

"तेच तं पाहाले बोलावलं तुले!" काकू म्हणाल्या. त्या हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. डबा त्यांनी पोटाशी धरला होता. पायल एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत राहिली, आणि मराठी लोकांचं काही खरं नाही अशा चेहऱ्यानं परत गेली.

बुधवारी सामान गेलं. निघताना काकू फार बोलल्या नाहीत. गुडघ्यांमुळे त्या कधी तलावाच्या पलीकडे जात नसत, त्यामुळे आता आपणच यायचं, असं पद्मिनीनं मनाशी धरलं होतं.

पण पहिल्याच रविवारी दुपारी फ्लॅटची बेल वाजली. दारात सुशीलाकाकू! बसची वाट पाहून पाहून थकलेल्या, उन्हानं लाल झालेल्या, त्या रुंद रस्त्यांच्या आणि ते बांधणाऱ्यांच्या नावानं बोटं मोडत. पद्मिनीची नजर सवयीनं त्यांच्या हातांकडे गेली. पिशवी नाही. डबा नाही. पुडीसुद्धा नाही. ज्या बाईनं जन्मात कोणाच्या उंबऱ्यावर रिकाम्या हातानं पाय ठेवला नव्हता, ती दोन्ही हात हलवत आत आली आणि पंख्याखाली बसली.

"काय पाहून राहिली?" काकू म्हणाल्या. "काही नाही आणलं. आपल्याच घरी येताना हातात काही घेऊन येते का कोणी? भूक लागली मले. वाढ."

घरात फक्त वरण-भात होता. पद्मिनीनं तोच वाढला, सोबत काही तळलं नाही, गोड काही केलं नाही. काकूंनी दोनदा भात मागून घेतला.